छोटं इको रिसॉर्ट खरं की नुसतं नावाचं? आधी विहिरीची चौकशी करा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. जानेवारीत पुण्याहून चार दिवस यायचंय, तुम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई, सिंधुदुर्गात गर्दी नसलेल्या किनाऱ्यावर छोटं इको-फ्रेंडली रिसॉर्ट हवंय. पण हल्ली सगळेच स्वतःला इको म्हणवतात मग खरं कोण ते कसं कळणार, एसी नसेल तर निभेल का, आणि साधी कौलारू खोली असून दर शहरातल्या हॉटेलएवढा का, असं तुम्ही विचारलंय. मी वेंगुर्ला तालुक्यात समुद्रालगत चार खोल्यांची जागा सतरा वर्षं चालवतेय, घरचीच माणसं आणि गावातल्या तिघीजणी मिळून, त्यामुळे जे सांगतेय ते रोजच्या कामातलं आहे. जरा लांबेल, पण सावकाश वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे फोटो बघून ठरवू नका. बांबूचा सोफा, गोणपाटाचा लॅम्पशेड, भिंतीवर वारली, हे सगळं बाजारात मिळतं आणि चार दिवसात लावून होतं. मी कुणालाही एकच सांगते, फोन करा आणि विचारा की तुमच्याकडे पाणी कुठून येतं आणि वापरलेलं पाणी कुठे जातं. जो माणूस खरंच नीट काम करतो तो यावर अर्धा तास बोलेल, विहिरीपासून सुरुवात करेल, वापरलेलं पाणी पिणाऱ्या केळीपर्यंत जाईल. ज्याने नुसता बोर्ड लावलाय तो म्हणेल चोवीस तास पाणी आहे मॅडम, काळजी करू नका. खरं सांगायचं तर चोवीस तास पाणी हीच किनाऱ्यावर काळजीची गोष्ट आहे.

कारण असं की वाळूच्या पट्ट्यात गोडं पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पावसाचं मुरलेलं पाणी हलकं, ते वर राहतं, समुद्राचं जड पाणी खाली. विहिरीतून हळूहळू पाणी काढलं तर वरचं गोडं मिळत राहतं, पण मोठा पंप लावून तासन्‌तास उपसलं की खालचं खारं वर चढतं. आमच्याकडे पाचव्या वर्षी हेच झालं. मे महिना, चारही खोल्या भरलेल्या, पाहुणे समुद्रातून आले की शॉवर, पोरांचे दिवसातून तीन तीन शॉवर, आणि आम्ही नवीन पंप बसवला होता म्हणून टाकी कायम भरलेली, सगळे खूश. एक दिवस सकाळचा चहा तोंडाला लावला तर चव वेगळीच लागली. माझ्या सासूबाईंनी बावीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि म्हणाल्या, "मचूळ झाला. बाव दमली गो, तिका जरा गप ऱ्हवांदे." (बाव म्हणजे आमच्याकडे विहीर, ती दमलीय, तिला जरा गप्प राहू दे.) पुढची सगळी बुकिंग मी रद्द केली, पैसे परत दिले, आणि पाऊस पूर्ण होईपर्यंत प्यायचं पाणी वरच्या वाडीतून आणलं. बाव बरी व्हायला तो अख्खा पावसाळा लागला. शेजारच्या आगरातल्या, म्हणजे माडाच्या बागेतल्या, आजोबांची विहीर पण त्याच पाण्यावर, त्यांच्या पण घागरीत मचूळ पाणी आलं, आणि ते एक शब्द बोलले नाहीत याचं मला जास्त लागलं.

तेव्हापासून आमच्याकडे मार्चनंतर शॉवर बंद, बादली आणि तांब्या. पंप दिवसाला ठरावीक वेळच चालतो. पाचवी खोली बांधायची परवानगी, पैसे सगळं जुळत होतं तरी बांधली नाही, कारण बावीला चारच खोल्या झेपतात. म्हणून तुम्ही विचारा की खोल्या किती आणि विहिरी किती, आणि मे मध्ये पाणी कसं असतं. स्विमिंग पूल असेल तर हिशोब करून बघा, दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सव्वा मीटरच्या आसपास खोल असा साधा पूल म्हटला तरी एका भरण्याला साठ हजार लिटर पाणी लागतं. समोर समुद्र असताना.

आता वापरलेलं पाणी. संडासाचं सेप्टिक टँकमध्ये, तिथून शोषखड्ड्यात, आणि तो खड्डा विहिरीपासून निदान पंधरा मीटर लांब हवा. वाळूतून घाण फार पटकन खाली उतरते, काळ्या मातीसारखी गाळून निघत नाही. मोरीचं आणि न्हाणीचं पाणी आमच्याकडे आधी एका छोट्या खड्ड्यात थांबतं, तिथे तेलकट वर राहतं ते आम्ही काढतो, आणि मग केळी आणि अळूला जातं. हे अळू फार बोलकं आहे. कुणी पाहुण्याने बाथरूममध्ये कपडे धुवायची पावडर ओतून चार जोड धुतले की दोन-तीन दिवसात कडेची पानं पिवळी पडलेली दिसतात. म्हणून आम्ही खोलीत साबण ठेवतो आणि तोच वापरा असं सांगतो, कंजूषपणा नाही तो. सांडपाण्याचा पाइप सरळ ओहोळात किंवा वाळूत सोडलेला असेल तर तुम्हाला वासावरून आणि तिथल्या हिरव्या-काळ्या चिखलावरून लगेच कळेल, गेल्या गेल्या एक चक्कर मागच्या बाजूला मारा. जागेचं खरं रूप कायम मागच्या बाजूला असतं.

कचऱ्याचं पण तसंच. ओला कचरा जिरवणं सोपं आहे, प्लॅस्टिकचं विचारा. आमच्या वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचरा प्रकारानुसार वेगळा करून डेपोची जागा लोक बघायला येतील अशी केली, त्यामुळे तालुक्यात निदान वेगळं करायची सवय रुजली. पण गावांत गाडी येतेच असं नाही, आणि मग संध्याकाळी परसात धूर दिसतो. पाण्याच्या बाटल्या देणार का, असं विचारा. आम्ही उकळून गार केलेलं पाणी माठात ठेवतो, तुमच्या बाटल्या घेऊन या. डायपर, सॅनिटरी पॅड यांची सोय काय हे मोकळेपणाने विचारा, लाजू नका. आणि बिस्किट-वेफर्सची रिकामी पाकिटं बॅगेत घालून परत पुण्याला नेलीत तर आमच्यावर खरंच उपकार होतील.

बांधकामाबद्दल थोडक्यात. खोलीतून पाय काढला की वाळूत, असे फोटो फार छान दिसतात, पण ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरच्या पट्ट्यात नवीन पक्कं रिसॉर्ट सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा जपायच्या सरकारी नियमांत, बसत नाही (२०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी हे अंतर ५० मीटर केलंय). तात्पुरत्या काढता येणाऱ्या सोयींचे नियम वेगळे. तेव्हा अगदी वाळूवर सिमेंटचा चौथरा दिसला तर मालकाला परवानगीचं विचारायला काही हरकत नाही, राज्याच्या पर्यटन खात्याच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी आहे का हेही विचारा. पण मला याहून जास्त महत्त्वाची वाटते ती मर्यादवेल. जांभळ्या फुलांची, बकरीच्या खुरासारख्या पानांची वेल वाळूवर पसरलेली असते ना, ती. नावातच सगळं आलं, समुद्राची मर्यादा ती धरून ठेवते. कित्येक ठिकाणी बीच स्वच्छ दिसावा म्हणून ही वेल आणि केवड्याची बेटं उपटून टाकतात, त्या जागी खुर्च्या मांडतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या समोरची वेल गाडली गेली पण वाळू जागेवर राहिली, आणि जिथे साफ केलेलं होतं तिथे कमरेएवढा कडा कापला गेला, माड मुळासकट आडवे. ते मी स्वतः दुसऱ्या दिवशी चालत जाऊन पाहिलंय. त्यामुळे रिसॉर्टच्या पुढे वेल शाबूत आहे का हे तुम्ही फोटोतून पण बघू शकता, तेवढ्यासाठी फोटो उपयोगी.

दिव्यांचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्या या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, एका घरट्यात शंभरच्या वर अंडी, पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस. पिल्लू रात्री वाळूतून वर येतं आणि जिकडे जास्त उजेड तिकडे चालू लागतं, लाखो वर्षं तो उजेड समुद्रावरच्या आभाळाचा असायचा. आमच्या सुरुवातीच्या वर्षांत पडवीत पांढरी ट्यूब रात्रभर चालू असायची, पाहुण्यांना भीती वाटू नये म्हणून. मार्चमधली एक सकाळ, मी अंगण झाडायला गेले तर वाळूवर बारीक बारीक वल्ह्यासारखे ठसे, समुद्राकडे नाही तर आमच्या पडवीकडे येणारे. मागोमाग गेले तर जास्वंदीच्या आळ्यात नऊ पिल्लं, त्यातली सहा मुंग्यांनी संपवलेली. तीन हातात घेतली, तळहातावर ती पोहल्यासारखे पाय हलवत होती, ओल्या वाळूवर नेऊन सोडली. आमच्या ट्यूबमुळे झालं ते. त्याच दिवशी ट्यूब काढली. आता पिवळे, गुडघ्याच्या उंचीचे, खाली तोंड केलेले दिवे आहेत आणि समुद्राच्या बाजूचे तर साडेआठनंतर बंद. पाहुण्यांना आम्ही टॉर्चवर लाल कागद लावून देतो. म्हणून विचारा की रात्री बीचवर लाइट, डीजे, बोनफायर असतं का. असतं असं अभिमानाने सांगितलं तर ती जागा इको नाही, बाकी बांबू कितीही असू दे.

जानेवारीत पिल्लं दिसतीलच असं नाही, खरा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. मुलीला तेच दाखवायचं असेल तर नंतर कधी रत्नागिरीतल्या वेळासला जा, तिथे सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून गावाला धरून काम उभं केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच राहतात, जेवतात. आमच्या तालुक्यातल्या वायंगणीलाही घरटी राखतात. पिल्लाला हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही हे तिला आधीच समजावून आणा, मुलं मोठ्यांपेक्षा नीट ऐकतात असा माझा अनुभव आहे.

एसीचं. जानेवारीत तुम्हाला एसी लागणार नाही, पहाटे उलट गोधडी मागाल. पण एसी नसलेली खोली थंड राहते की नाही हे छपरावर आणि खिडक्यांवर आहे. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमीन आधी निवते आणि मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. म्हणजे खोलीला दोन्ही बाजूंना खिडक्या पाहिजेत. सी व्ह्यू म्हणून एका बाजूला मोठी काच आणि मागे बाथरूमची बंद भिंत असेल तर रात्रभर घुसमटाल, मग एसी लावावाच लागतो, आणि दीड टनी एसी तासाला एक-दीड युनिट खातो. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत, मंगळुरी कौलं, वर माडाची झापं, उंच छप्पर असेल तर एप्रिलपर्यंत पंख्यावर निभतं. पत्रा असेल तर फेब्रुवारीतच नको होतं. मे मध्ये मात्र मी कुणाला खोटं सांगत नाही, घाम येतो, अंग चिकट होतं, दुपारी दोन ते चार माडाखाली पडून राहायचं. डासांसाठी खिडकीला जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी आहे का विचारा, संध्याकाळी सहा ते साडेसात पोरीला पूर्ण बाह्यांचं घाला. लाइट जाते, पावसाळ्यात तर जातेच, इन्व्हर्टर किंवा सोलरवर पंखा-दिवा चालतो का एवढं बघा.

दराबद्दल तुमचा रोख समजला आणि तो रास्त आहे. चार खोल्यांच्या जागेला माणसं जवळपास तेवढीच लागतात जेवढी दहा खोल्यांना. सुरुवातीला स्वस्त ठेवलं होतं तेव्हा आमच्याकडच्या बायका चार महिने काम आणि आठ महिने घरी अशा होत्या, आता त्यांना बारा महिने पगार असतो, पाहुणे नसले तरी झापं विणणं, कोकमं सुकवणं, कौलं चाळणं ही कामं असतात. खाऱ्या हवेने बिजागऱ्या, नळ, पंखे दोन-तीन वर्षांत गंजतात. मोठं हॉटेल हे खोल्यांच्या संख्येत जिरवतं, आम्हाला चार खोल्यांतच भागवायचं असतं. पण विचारा ना की कामाला गावातली माणसं किती, भाजी-मासे कुठून घेता. दर जास्त आणि माणसं सगळी बाहेरची, मासे हॉटेल सप्लायरचे बर्फातले, तर तुम्ही जास्त पैसे कशाचे देताय ते तुमच्या लक्षात येईल.

माशांवरून आठवलं, मेनू कार्ड मागू नका. छोट्या जागेत त्या दिवशी जे लागलं ते शिजतं. पाहुण्यांना सुरमई आणि पापलेटच हवं असतं, मग मच्छीमार पण हातभर पण न झालेली सुरमई विकायला आणतो, ती वाढणार कधी. बांगडा, पेडवे, मुडदुशे, सौंदाळे खाऊन बघा. आमच्याकडे बांगड्याचं तिखलं करतात, तिरफळं ठेचून घालायची, ती चव पुण्यात कितीही केलं तरी येत नाही कारण ओलं तिरफळ मिळत नाही. सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं, ओढत असतील तर जा, दोरीला हात लावा, रापणकर नाही म्हणत नाहीत, पण फोटो काढायच्या आधी विचारा आणि जाळ्यात मासे कमी आलेले असतील तर गप्प उभं राहा. परप्रांतीय ट्रॉलर, पर्ससीनची मोठी जाळी आणि एलईडी दिवे लावून केलेल्या मासेमारीने या लोकांची काय गत केलीय ते त्यांच्याच तोंडून ऐका, मुलीलाही ऐकू द्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या काळात कुणी ताजी सुरमई म्हणून वाढली तर ती कधीची ते विचारा.

समुद्रात उतरण्याबद्दल मात्र माझं ऐकाच. एकांताचा किनारा म्हणजे तिथे जीवरक्षक नाही. भरतीची ढोबळ वेळ काढायची आमच्याकडची रीत सोपी आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. पाऊण-एक तास इकडे तिकडे होतं, नक्की वेळ मालकाला विचारा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा ओढ जास्त. खाडीच्या मुखाशी, म्हणजे जिथे नदी समुद्राला मिळते तिथे, ओहोटी सुरू झाल्यावर पाण्यात जायचंच नाही, कितीही शांत दिसलं तरी. लाटा फुटतायत त्यामध्येच एखादा पट्टा गुळगुळीत दिसला तर तो सुरक्षित नसतो, तिथूनच पाणी आत परत जात असतं. त्यात कुणी सापडलं तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर यायचं. मुलीला गुडघाभर पाण्यापलीकडे नाही, आणि तुमच्यापैकी एकजण कायम तिच्या समुद्राकडच्या बाजूला उभा.

सासूबाईंसाठी बुकिंग करताना चार गोष्टी स्पष्ट विचारा: कमोड आहे का, न्हाणीत धरायला दांडी आहे का, गाडी खोलीपर्यंत येते की पाखाडी (चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट) उतरावी लागते, आणि रात्री दुखलंखुपलं तर गाडी कोण काढणार. प्राथमिक उपचार वेंगुर्ल्यात होतात, मोठं काही असलं तर आमच्याकडचे लोक गोव्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेतात आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा त्यांची नेहमीची औषधं दोन दिवस जास्तीची आणा. रेंज सगळीकडे नसते. त्यांना दिवसभर वाळूत चालायला लावू नका, आमच्याकडे अशा आज्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून आमच्या सासूबाईंबरोबर कोकमं फोडतात, लसूण सोलतात, आणि निघताना त्यांचाच पाय निघत नाही.

फिरायचं फार ठरवू नका. एक सकाळ वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन (खारफुटीचं जंगल) दाखवतात ती ठेवा, वल्हवायचं काम त्याच करतात आणि माहिती पण फार छान देतात. एक संध्याकाळ निवतीच्या किल्ल्यावर, तिथून भोगव्याची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आणि कर्ली नदीचं मुख दिसतं. डॉल्फिन बघायला गेलात तर होडीवाल्याला आधीच सांगा, पाठलाग करायचा नाही, इंजिन मंद करून थांबायचं, दिसले तर दिसले. बाकी वेळ रिकामा ठेवा.

पुण्याहून गाडीने येणार असाल तर कोल्हापूरवरून आंबोली घाट उतरून सावंतवाडी, मग वेंगुर्ला. पहाटे लवकर निघा आणि काही झालं तरी सूर्य मावळायच्या आत पोचा. शेवटचे तीन-चार किलोमीटर रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली की एकाला मागे घ्यावी लागते. आणि आमच्यासारख्या ठिकाणी उतरणार असाल तर गाडी वर लावून चाळीसेक पायऱ्यांची पाखाडी उतरायची असते, चिरे ओलसर असतात, तिथेही दिवे मुद्दामच मंद ठेवलेत, तेव्हा सासूबाईंना उजेड असतानाच खाली आणा.